भिंतीपलीकडचा सोनटक्का

परवा संध्याकाळी आमच्या बाल्कनीतला सोनटक्का फुलला. सूनबाईंनी गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून कुंडी आणली होती. दिलसुखनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर तिला एका कोपऱ्यात उभं केलं, आठवण झाली की पाणी घातलं, नाही झाली की नाही घातलं. तरी तो वाढला, माझ्या खांद्याशी आला. परवा खालच्या कोचिंग क्लासची मुलं सुटून रस्त्यावर सांडली होती, टपऱ्यांवर तेल तापत होतं, आणि त्या सगळ्या गलक्यात त्याच्या शेंड्यावरच्या हिरव्या कणसातून पहिली पांढरी पाकळी हळूच बाहेर आली. मी खुर्ची ओढून तिथेच बसले. नातीने फोटो काढला, कुणाकुणाला पाठवला, कुणी ‘नाइस’ म्हटलं तेही वाचून दाखवलं. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी पाहिलं, हसल्या, छान आहे म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला एकदम चुकल्यासारखं झालं. एवढा सोनटक्का फुलला आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही.

माझ्या लहानपणी आमचं घर याच शहरात, निजामाच्या राजधानीत, मलकपेठेत होतं. बैठं, कौलारू, पुढे मोकळी जागा आणि एका अंगाला शेजारच्या बंगल्याची भिंत. माझे वडील वकील. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. कोर्टात उर्दू, अशिलांशी तेलुगू आणि घरात मराठी बोलताना त्यांची जीभ कुठे अडखळायची नाही. आईची मात्र अडखळायची. ती वाईची. लग्न होऊन निजामाच्या राज्यात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेले सोनटक्क्याचे कंद होते. दिसायला आल्यासारखे, गाठीगाठींचे. तिच्या माहेरी मोरीचं पाणी जिथे जिरायचं तिथे सोनटक्क्याचं रान होतं. तो कुणी लावलेला नव्हता आणि त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं. भाद्रपदात दिवे लागायच्या वेळेला वास यायला लागला की घरातल्या मुली फुलं काढायला धावत. तो वास सोडून इतक्या लांब कसं राहायचं, हा तिचा त्या वेळचा प्रश्न होता.

भिंतीपलीकडे बेगम राहायच्या. मेहरुन्निसा बेगम. साहेब निजामी सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते, दारात मोटार होती, अंगणात दगडी बांधणीची बावडी होती. बेगमही तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आलेल्या, आईच्याच वयाच्या. पहिल्या वर्षी दोघींची भिंतीवरून ओळख झाली. आईने आपल्या कंदांतले निम्मे तोडून पितळी वाटीत घातले आणि वाटी भिंतीपलीकडे दिली. देताना माझा हात आखडला नाही, हे ती पुढे आयुष्यभर सांगत असे. आखडायला हवा होता, हे ती बोलत नसे, पण ऐकणाऱ्याला ते कळायचं.

कारण झालं असं, की आमच्याकडे सोनटक्का कमरेएवढा वाढायचा आणि थांबायचा. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरतडल्यासारख्या दिसायच्या. एका वर्षी शेंड्याला कणीस धरलं, आईने देवाला साखर ठेवली, आणि आठवड्याच्या आत ते कणीस तिथल्या तिथे वाळलं. भिंतीपलीकडे मात्र त्याच कंदांची लांबच लांब हिरवी रांग उभी राहिली. भिंत बाईमाणसाच्या हनुवटीएवढी होती, आणि श्रावण सरता सरता त्या रांगेचे शेंडे भिंतीवरून आमच्याकडे डोकवायला लागायचे. मग फुलं यायची. एकेका दांड्यावर पांढऱ्या फुलपाखरांचा थवा बसल्यासारखी. संध्याकाळी वारा सुटला की वास सरळ आमच्या स्वयंपाकघरात. आई पोळ्या लाटता लाटता खिडकी लावून घ्यायची. मग उकडायला लागायचं, मग ती खिडकी उघडायची, मग पुन्हा लावायची.

याचं कारण अप्पांनी तिला अनेकदा समजावून सांगितलं होतं. आमचा वाफा भिंतीच्या पश्चिमेला, दुपारचं सगळं ऊन त्याच्या अंगावर. बेगमचा वाफा भिंतीच्या पूर्वेला, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. त्यात आमच्या अंगणात भिंतीला लागून कडुनिंब होता, त्याची सावलीही दुपारनंतर पलीकडे पडायची. म्हणजे झाड आमचं, कंद आमचे, भिंत सामाईक आणि फुलं त्यांची. हे ऐकून आईचं समाधान व्हायच्या ऐवजी तिच्या रागात सावलीची भर पडायची. वाफा दुसरीकडे हलवू, मोरीपाशी लावून बघू, असं अप्पा म्हणत. आई हलवायला तयार नसे. जिथे तिचा येतो तिथेच माझा आला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

आणि ती कंदांना स्वस्थ बसू द्यायची नाही. उकरून बघायची, कोंब आला का. शेणखत, कुजलेला पाला, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, कुणी काय सांगेल ते घालायची. बेगम काही म्हणजे काही करायच्या नाहीत. त्यांचा माळी पाणी सोडायचा, फुलून गेलेले दांडे बुडापासून छाटायचा, आणि त्या व्हरांड्यात पान लावत बसायच्या. आईला हे सगळं माहीत होतं, कारण ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने स्टुलावर चढून बघायची. आमचे कपडे त्या दिवसांत फार वेळ वाळत घातले जायचे.

नावावरूनही दोघींचं जमत नसे. आई म्हणायची सोनटक्का. बेगम म्हणायच्या गुलबकावली. आईला वाटायचं, नाव बदललं की मूळ पुसतं. ती मुद्दाम बेगमसमोर ‘तुमचा सोनटक्का’ असं ठासून म्हणायची, आणि बेगम तितक्याच शांतपणे ‘हौ, हमारी गुलबकावली’ म्हणायच्या.

दरवर्षी गौरी बसल्या की पलीकडून त्यांची मोलकरीण रझिया परात घेऊन यायची. वर पातळ मलमल टाकलेली, खाली फुलं, पाणी शिंपडलेली. आई ती घ्यायची, रझियाच्या हातावर साखरफुटाणे ठेवायची, आणि परात घेऊन आत आली की तिचा चेहरा बघवत नसे. गौरीला सोनटक्का हवा हे तिच्या माहेरचं होतं, तो मिळाला याचा आनंद, आणि तो कुणाकडून मिळाला याचं दुःख. दोन्ही तिला एकाच वेळी झाकायचं असायचं आणि एकही झाकता यायचं नाही. गौरीच्या कानामागे फूल खोवताना ती एकदा पुटपुटली होती, ते माझ्या लक्षात आहे. म्हणाली, बाई गं, तू तरी सांग हिला की हे माझं आहे.

एका उन्हाळ्यात तिने फांद्या तोडणारा माणूस बोलावला. कडुनिंबच उतरवायचा, म्हणजे सावलीचा प्रश्न मिटला. अप्पा कोर्टात होते. माणूस झाडावर चढला, कुऱ्हाडीचा पहिला आवाज झाला, आणि बेगम स्वतः भिंतीशी आल्या. उन्हात, डोक्यावरून दुपट्टा घेऊन. त्या झाडाकडे बघत नव्हत्या, आईकडे बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की वकीलनबाई, माझ्या फुलांसाठी तुम्ही तुमची सावली तोडणार का. थोड्या वेळाने आईने माणसाला खाली उतरायला सांगितलं. त्यानंतर काही महिने ती बेगमवर आणखी चिडलेली असायची, कारण आता तिचं म्हणणं असं होतं की त्या बाईने मला शहाणं केलं.

मी हे सगळं बघत मोठी झाले आणि मला कधी ते वाईट वाटलं नाही. आमच्या घरात शब्द मोजून वापरायची सवय होती. अप्पा कोर्टात इतकं बोलायचे की घरी गप्प. आई सबंध दिवस कामात. पण बेगमचं नाव निघालं की आईच्या अंगात काहीतरी संचारायचं. गाल लाल व्हायचे, हात हलायला लागायचे, ती वाईच्या कृष्णेसारखी वाहायची. मला तर त्या सोनटक्क्याचा हेवा वाटायचा. माझ्याकडे आई इतकं टक लावून बघत नसे.

मग ते वर्ष आलं. देशात स्वातंत्र्य येऊन गेलं होतं आणि आमच्याकडे यायचं होतं की नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा बंद पडत, उघडत, पुन्हा बंद पडत. गल्लीतली बरीच घरं बायकामुलांना सोलापूरकडे पाठवून रिकामी झाली होती. अप्पांनी जायचं नाही असं ठरवलं, आणि ते आईला विचारून ठरवलं की न विचारता, ते मला कळलं नाही. संध्याकाळी लवकर दारं लागत. रस्त्यावरून घोषणा देत माणसं गेली की अप्पा दिवा बारीक करत.

बेगमचे साहेब त्या दिवसांत फार मोठे झाल्यासारखे वाटत. गल्लीतली माणसं, जी आधी नुसती सलाम करायची, ती आता थांबून सलाम करायला लागली. दोन घरं सोडून राहणाऱ्या वत्सलाकाकू, ज्या एरवी बेगमच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत, त्या पापड, लोणचं घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागल्या. आपल्या घराकडे लक्ष असू द्या म्हणून. आई गेली नाही. एक दिवस रझिया निरोप घेऊन आली. बेगमनी सांगितलं होतं, आमच्या बाजूने भिंतीला शिडी लावून ठेवली आहे, काही झालं तर मुलीला घेऊन वरून इकडे उतरा, दाराकडे जाऊ नका.

आईने शिडी बघितली. तिचं वरचं टोक सोनटक्क्याच्या पानांतून बाहेर आलं होतं.

“तिच्या वाफ्यात उडी मारू?” ती अप्पांना म्हणाली. “फुलं मोडली तर जन्मभर ऐकवेल.”

अप्पा हसले. त्या महिन्यांत ते हसलेले मला तेवढेच आठवतात. पण मी पाहिलं होतं, की तिने माझे कपडे आणि देवातली अन्नपूर्णा एका गाठोड्यात बांधून भिंतीजवळच्या खोलीत ठेवली होती.

गौरी त्याही वर्षी आल्या. बाजारात काही मिळत नव्हतं, आईने घरातल्या डाळीतांदळावर नैवेद्य केला. परात येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली. रझिया भ्यायलेली होती, परात आईच्या हातात देऊन ती पळालीच. नेहमीपेक्षा जास्त फुलं होती. आई म्हणाली, सगळी काढून पाठवली वाटतं, मागे काही ठेवलं नाही. आणि मग स्टुलावर चढून बघून आली. खरंच, रांगेत एक फूल उरलं नव्हतं.

गौरी बोळवल्या, आणि त्यानंतर लगेचच हिंदुस्थानची फौज आल्याच्या बातम्या सुरू झाल्या. आकाशातून विमानं गेली. आम्ही आतल्या खोलीत बसून होतो. बाहेर ऊन, पाऊस, पुन्हा ऊन. मग एका संध्याकाळी रेडिओवरून ते सगळं संपल्याचं सांगितलं, आणि गल्लीत कुणीतरी फटाके लावले. लोक त्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणू लागले. आमच्या घरात अप्पांनी देवापुढे नारळ फोडला आणि डोळे पुसले. आईने मला जवळ घेतलं. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. पलीकडे एकही दिवा नव्हता.

“अहो,” ती अप्पांना म्हणाली, “आता आपली शिडी लावा.”

अप्पांनी आमची शिडी आमच्या बाजूने लावली. आईने भिंतीवरून रझियाला हाक मारून ते सांगितलं. शिडीचा उपयोग कुणाला करावा लागला नाही. आमच्या गल्लीत तरी सगळं निभावलं. दुसरीकडे कुठे कुठे काय झालं ते अप्पांना कोर्टात कळायचं आणि ते घरी येऊन जेवायचे नाहीत.

साहेबांना घरी बसायला सांगितलं गेलं. चौकशी होती म्हणे. मोटार गेली, माळी गेला, मग रझियाही आपल्या गावी गेली. थांबून सलाम करणारे आता गल्लीच्या दुसऱ्या बाजूने चालायला लागले. आणि त्याहून वाईट म्हणजे काही बायका मुद्दाम भेटायला जायला लागल्या. बेगमचा हात हातात घेऊन चुकचुकायच्या, घरात नजर फिरवायच्या, बाहेर येऊन काय काय कमी झालं ते सांगायच्या. वत्सलाकाकू तिथून सरळ आमच्याकडे आल्या. आईच्या ओट्याशी बसून म्हणाल्या, आता ते घर जाणार, वाफा तुलाच मिळेल, तुझं देवाने ऐकलं. आई मिरच्या खुडत होती. तिने डोकं वर केलं नाही. पण त्या दिवशी वत्सलाकाकूंना चहा मिळाला नाही, आणि आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा न मिळणं ही फार मोठी गोष्ट होती.

मला वाटलं होतं, आईचा हेवा आता संपला असेल. हेवा करावा असं पलीकडे राहिलंच काय होतं? ती स्टुलावर चढायची, पण काही न बोलता उतरायची. थंडी गेली, ऊन तापलं. मलकपेठेचं ऊन, दगडातून वर येणारं. भिंतीवरून दिसणारे शेंडे पिवळे पडले, मग दिसेनासे झाले. बावडी तिथेच होती, पाणीही होतं, पण ओढणारं कुणी नव्हतं. बेगम व्हरांड्यात बसून असायच्या. पान लावत नव्हत्या. नुसत्या बसलेल्या.

एका दुपारी आईने पदर खोचला आणि मला म्हणाली, चल. मला वाटलं दुकानात. ती सरळ त्यांच्या फाटकातून आत गेली. इतक्या वर्षांत ती त्या फाटकातून कधी आत गेलेली नव्हती, सगळं भिंतीवरूनच चालायचं. बेगम उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असणार, ही पण हात हातात घ्यायला आली. त्यांनी चेहरा तसा तयारही केला होता. आई त्यांच्याकडे न बघता वाफ्यापाशी गेली, वाळलेला एक दांडा हाताने मोडला आणि तो त्यांच्यापुढे धरला. आईची दखनी अर्धी वाईची आणि अर्धी मलकपेठेची होती.

“सुखानाच था तो मेरा कंद मेरेकू वापस देना था.”

बेगम बघतच राहिल्या. किती महिन्यांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मग त्यांच्या कपाळावर एक शीर उठली.

“तुम्हारा कंद?” त्या म्हणाल्या. “तुम्हारे घर में इसने कभी एक फूल दिया क्या?”

“मेरेकू धूप है. तुम्हारेकू छाँव है, बावडी है,” आई म्हणाली. “हात किधर हैं?”

बेगमनी आपल्या हातांकडे बघितलं. गोरे, मऊ हात, अंगठ्यांच्या जागी पांढरे वळ उरलेले. मला वाटलं आता त्या रडणार. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आईला फाटक दाखवलं. अगदी सभ्यपणे, उर्दूतल्या सगळ्या अदबीने सांगितलं की आपण यावं आता. आई तरातरा बाहेर पडली. रस्ताभर, म्हणजे त्यांच्या फाटकापासून आमच्या फाटकापर्यंत, ती बोलत होती. काय तो तोरा, काय ती मान, सगळं गेलं तरी मान तशीच आहे बघ हिची. तिचे गाल लाल झाले होते. हात हलत होते.

संध्याकाळी आम्ही अंगणात होतो आणि पलीकडून रहाटाचा आवाज आला. कुरकुरत, थांबत, पुन्हा कुरकुरत. बादली मध्येच निसटून खाली गेल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कुरकुर. आई तुळशीपाशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, आणि तिने तो ओतायचं थांबवलं होतं. अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, मदत करायची तर दुसरी काही रीत असते. आई त्यांच्याकडे वळली.

“कीव करणाऱ्या पुष्कळ आहेत तिथे,” ती म्हणाली, आणि तुळशीला पाणी घातलं.

त्यानंतर तिने बेगमना एक दिवस सुखाने बसू दिलं नाही. भिंतीवरून बोलायची, पाणी फार झालं, कंद कुजेल. दुसऱ्या दिवशी, पाणी कमी झालं. वाईला यापेक्षा उंच यायचा. दाटी झालीय, उपटून विरळ करा, ते पण मीच सांगायचं का. बेगम उत्तरं द्यायच्या. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. तुमचा वाफा बघा आधी, म्हणायच्या. तुमच्या कंदाला रोज उकरून कोण बघतं, ते मला इथून दिसतं. तेव्हा आईला कळलं की पलीकडेही कुणीतरी इतकी वर्षं कपडे वाळत घालत होतं. या एका शोधाने ती इतकी खूश झाली की त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली.

त्या भाद्रपदात रांग पहिल्यासारखी उंच नव्हती. काही जागा रिकाम्या होत्या. पण फुलं आली. गौरीच्या दिवशी परात घेऊन बेगम स्वतः आल्या, आमच्या दारातून, पहिल्यांदा. मलमल होती तीच, जरा विटलेली. आईने एक फूल उचललं, उजेडात धरलं, फिरवून बघितलं.

“यंदा पाकळी बारीक आहे,” ती मराठीत म्हणाली.

बेगमना मराठी येत नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. त्यांनी परात सोडली नाही. त्या म्हणाल्या, “तर मग ठेवू नका. परत नेते.” चांगल्या स्वच्छ मराठीत. आईचं तोंड उघडं राहिलं. इतकी वर्षं भिंतीवरून ती मराठीत काय काय पुटपुटली होती ते सगळं तिला एकदम आठवलं असणार. बेगम हसायला लागल्या. दुपट्टा तोंडाला लावून, खांदे हलवत. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. आईने परात त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि आत गेली, आणि तिची पाठही हलत होती.

या आठवणीपाशी मी नेहमी थोडी थांबते. पुढे मला कामाच्या जागी मैत्रिणी मिळाल्या, शेजारणी मिळाल्या, चांगल्या, गोड बोलणाऱ्या. लग्नानंतरच्या, नल्लकुंट्याच्या घरी माझी जास्वंद अशी फुलायची की येणारे-जाणारे थांबून बघायचे. सगळ्यांनी कौतुकच केलं. माझ्या फुलांकडे दात-ओठ खाऊन कुणी बघितलं नाही. माझं काय चाललंय ते स्टुलावर चढून रोज बघावं, इतकी मी कुणाला महत्त्वाची झाले नाही. आईला ते मिळालं होतं. खरं सांगायचं तर त्याचा हेवा मला आजही वाटतो, या वयात, या बाल्कनीत बसून.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची चौकशी संपली, पण नोकरी परत मिळाली नाही. त्यांचे थोरले भाऊ कराचीला होते. तिकडे जायचं ठरलं. घर कुणा कंत्राटदाराने घेतलं. बेगमनी जाण्याआधी भिंतीशी येऊन सांगितलं, सगळी रांग उपटून घेऊन जा, नाहीतर नवे लोक ठेवायचे नाहीत. आई नको म्हणाली. माझ्याकडे येत नाही, हे तुम्हीच म्हणता ना. बेगमनी फार आग्रह केला नाही.

निघायच्या दिवशी दारात टांगा उभा होता. सामान आधीच गेलं होतं. पाऊस अजून यायचा होता, धूळ उडत होती. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती, पण पुढे कुणी येत नव्हतं. साहेब टांग्यात बसले, समोर बघत. बेगम बुरख्यात होत्या, आणि त्यांच्या हातात एक ओलं फडकं होतं, गुंडाळलेलं. त्यात काय होतं ते आईला विचारायची गरज नव्हती. ती पुढे झाली. अप्पांना वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. निरोपाचं.

“तिकडे समुद्राची हवा,” आई म्हणाली. “खारं पाणी. तिकडे नाही यायचा हा.”

बेगमनी चेहऱ्यावरचा पडदा वर केला. “येईल,” त्या म्हणाल्या. “देख लेना.”

“कसं बघणार?” आई म्हणाली.

ते ती भांडणाच्या सुरातच म्हणाली. नेहमीच्या सवयीने. पण वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ दोघींना एकदमच लागला. बेगमनी ते ओलं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि मोकळा झालेला हात आईच्या दंडावर ठेवला, घट्ट, जरा दुखेल इतका. हात खरखरीत झाला होता. मग त्या टांग्यात चढल्या.

कंत्राटदाराने त्या वर्षी भिंत पाडून तिथे खोल्या बांधल्या. आईने आमचा वाफाही काढून टाकला आणि त्यात कोथिंबीर, मेथी लावली. ती भरपूर यायची. तिला त्यात काही रस नव्हता. भाजी म्हणून खुडायची, एवढंच. सोनटक्का तिने पुन्हा लावला नाही, आणि बाजारात दिसला तरी गौरीसाठी घेतला नाही. पलीकडून कधी काही कळलं नाही. कळायचे दिवसच नव्हते ते.

पण भाद्रपदात, दिवे लागायच्या वेळेला, ती मागच्या दारात येऊन बसायची. शेवटच्या वर्षांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, मला ती वत्सला म्हणायची आणि चहा द्यायची नाही. तेव्हाही ती त्या वेळेला बरोबर उठून बसायची. मी एकदा तिला विचारलं, की आई, कराचीला लागला असेल का गं तो. तिने माझ्याकडे वळून बघितलं. किती दिवसांनी तिचे गाल लाल झालेले मी बघत होते.

“लागला असणार,” ती म्हणाली. “हातच तसा मेलीचा.”